जादा काप

गुंजीच्या केबिनला रंगाचे सात थर निघाले.
वरचा पिवळा, मग राखी, मग एक हिरवा
जो कुणालाच आठवत नव्हता,
मष्णू घाडीलासुद्धा नाही,
आणि त्यानं तर छत्तीस वर्षं
त्याच खिडकीतून गाड्या काढल्या.

दुसरी लाईन येणार, वरून विजेच्या तारा येणार,
केबिन वाटेत. पाडा, असं आधी ठरलं.
मग हुबळीहून कुणीतरी फोटो मागवले
आणि कागदावर एक शब्द बदलला:
पाडण्याऐवजी हलवणे.
चाळीस पावलं, फणसाच्या अंगाला.
त्या एका शब्दासाठी मला खानापुराहून बोलावलं,
पटाशी, पहार आणि दोन पोरं घेऊन.

मष्णू रोज येऊन बाकावर बसायचा.
लिव्हरला उघडा हात लावू देईना.
"फडकं घे की. घाम लागला तर गंजतंय ते."
सिग्नलची तार कापून वर्ष झालं होतं,
सात नंबर ओढला तरी लांब कुठं काही पडत नव्हतं.
तरी मी फडकं घेतलं.

भांडण लागलं ते आकड्यांवरून.
फळी काढायची तर फळीवर नंबर हवा,
नाहीतर उभं करताना भिंत दाराला विचारणार, तू कोण?
मी खडूनं मराठीत घातले.
ईरण्णा हडपद, चांगला माणूस, पण नोकरीचा,
म्हणाला, कन्नडमध्ये घाला,
कुणी फोटो काढला तर माझी बदली.
दुपारभर काम बंद. चहा दोनदा.
पोरं फणसाखाली झोपली.

मग उत्तरेची एक फळी आपोआप सुटली,
खिळे थकले होते.
आतल्या बाजूला, जिथं रंग कधी पोचला नाही,
पटाशीचे काप: चार उभे, एक आडवा.
पुढच्या फळीवर तेच, आणि बाजूला अजून एक.
कुणीतरी सगळं आधीच मोजून ठेवलं होतं.
म्हणजे केबिन इथली नव्हतीच.
दुसऱ्याच कुठल्या रुळाकाठी उभी राहून,
सुटी होऊन, वाघिणीतून आली होती.

मष्णू उठून आला. बोटानं काप चाचपले.
छत्तीस वर्षं त्या भिंतीला पाठ टेकली होती त्यानं.
"मला बोलली न्हाय कधी," म्हणाला.

खडू पुसला.

चौदावी फळी वाळवीनं खाल्लेली, हातात नुसतं पीठ.
तिच्या मापाचा नवा साग घेतला, अजून कोवळ्या रंगाचा,
आणि काप घालायला बसलो.
ईरण्णानं गुडघ्यानं फळी दाबून धरली,
तोंडातल्या तोंडात मोजत, हन्नेरडु, हदिमूरु,
मी माझ्या तोंडात बारा, तेरा,
आणि मष्णूनं मध्येच विचारलं,
चार सदतीसची गेली काय?

चौथ्या रेघेनंतर सवयीनं हात आडवा गेला.
सागावरचा काप परत घेता येत नाही.
आता केबिनीत पंधरा नंबरच्या दोन फळ्या आहेत.
जागच्या जागी बसल्यात, फटीतून वारा येत नाही,
बाहेरून कुणाला कळायचं नाही.

पुढं कधी तिसऱ्यांदा सुटी करतील
तेव्हा एखादा सुतार दोन्ही फळ्या उन्हात धरून
मला शिव्या घालील.
कुठल्या भाषेत, ते तेव्हाचं तेव्हा.