चार मिनिटं, पिठाच्या डब्यात

तुझी आई म्हणायची, येरोनिम नाव काढील.
काढलं की.
एकोणसत्तरच्या हिवाळ्यात, प्रागला, तिसऱ्या मजल्यावर
मीच काढलं, ब्लेडनं,
टायटल्सच्या पट्टीतून.
चोवीस चौकटींचा एक सेकंद, या हिशेबानं
साडेतीन सेकंदांचं नाव.
मग दोन्ही टोकं खरवडून चिकटवली.
व्हायोलिन जरा अडखळलं, तेवढंच.

कमिटीत पाच जण. एकाला सर्दी झालेली.
रुमालातूनच म्हणाला, शेवटची चार मिनिटं नकोत,
ती बाई रिकाम्या ट्राममध्ये नुसती बसून राहते, ती.
लोक विचारतील, ट्राम चाललीय कुठे.
तू म्हणालास, डेपोत.
कुणीही हसलं नाही.

चार मिनिटं गेली, नाव गेलं,
आणि मग उरलेला सिनेमाही मोहोर लावून तळघरात टाकला.
आधी केस कापायचे, नंतर मान.

मी एका कागदावर सही केली.
मुलगा सहा वर्षांचा होता, दमेकरी.
अजूनही मी याच क्रमानं सांगते:
आधी सही, मग मुलगा.

तू ओस्त्राव्हाला, इस्पितळाच्या बॉयलरवर.
दर तासाला वाफेचा दाब वहीत टिपायचा,
आणि समासात, बारीक पेन्सिलीनं:
दृश्य नऊ. पहाट. परिचारिका बूट हातात घेऊन जिना उतरते.
दृश्य दहा. तीच. जिना संपत नाही.
पर्यवेक्षक दर शनिवारी न वाचता सही ठोकायचा.
म्हणजे सरकारनं मंजूर केलेली
तुझी एकमेव पटकथा ती.

आणि माझ्याकडे ती चार मिनिटं, एकशे दहा मीटर,
पिठाच्या डब्यात, तळाशी, मेणकापडात.
जुनी फिल्म कुजते तेव्हा तिला शिरक्याचा वास येतो.
मुलगा म्हणायचा, आई, आपला पाव आंबट का?
मी म्हणायचे, गहूच तसा.

नव्वदच्या फेब्रुवारीत तळघर उघडलं.
माझा हात कापत होता, तरी जोड नीट बसला:
नाव पुढे, ट्राम शेवटी.
थिएटर गच्च. तू एका डोळ्यानं पाहत होतास,
दुसरा भट्टीनं नेलेला.
दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते,
रडतही होते काही, जे तेव्हा जन्मलेलेसुद्धा नव्हते.

तू माझ्या कानाशी वाकलास.
"तो सर्दीवाला बरोबर होता, ल्युबा.
ट्रामचं दार लागतं, तिथेच सिनेमा संपतो."

वीस वर्षं आंबट पाव.
मला आधी हसू आलं, मग तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली.
परत कापू? मी विचारलं.
"नको. राहू दे.
चूक माझीच आहे.
ती तरी माझ्या नावावर असू दे."

आणि कोट शोधायला लागलास,
जो तू घातलेलाच होता.