एकास शंभर

मैदानामागच्या तंबूत
दिवसभर धावलेले दंड
एकेक करून माझ्यासमोर येतात.
शीर शोधावी लागत नाही,
दोरीसारखी वर आलेली असते.
जून महिना. डर्बनची थंडी अंगाला नुसती शिवून जाते,
तरी हे थरथरतात, चंदेरी कागदात गुंडाळलेले,
निखाऱ्यात खुपसायच्या रताळ्यांसारखे.

बाबा झोंडी अकरा तासांनी पोचले.
तोंगाटच्या साखर कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन,
वय चौपन्न, डावा पाय बुटात, उजवा अनवाणी.
लघवीची बाटली त्यांनी रुमालाखालून पुढे सरकवली.
म्हणाले, पोरी, शपथेवर सांगतो,
वाटेत मी कोका-कोला प्यालो नाही.

मी हसले नाही.
तो रंग मांडीचा होता.
अडीअडचणीला मांडीनं साठवून ठेवलेला श्वास
फुटून, वाहून,
मूत्रपिंडाच्या दारात येऊन तुंबलेला.

रात्री दोनला यंत्रानं त्यांचा आकडा द्यायचं नाकारलं.
पडद्यावर फक्त बाण, तोंड वर.
म्हणजे, माझ्या मापात बसत नाही, पातळ करून आण.
एकास दहा.
पुन्हा बाण.
एकास शंभर.
रक्ताचं पाणी करतात ते असं :
पिपेटनं, थेंब मोजत, जांभई गिळून.

तेव्हा कुठे उतरला. चौसष्ट हजार.
काळजाचाही एक कण सापडला, ट्रोपोनिन,
घराची चावी चुकून रस्त्यावर पडावी तसा.
डॉक्टर फान टोंडर म्हणाले, उतरेल दोन दिवसांत, बहुतेक.
नोंदवहीत 'बहुतेक'ला रकाना नाही.

सलाईन लावताना बाबांनी विचारलं,
चौसष्ट हजार म्हणजे पहिला नंबर का?
आजच्या रात्री तरी, हो.
पहाटेपर्यंत अख्ख्या वॉर्डाला ते ठाऊक होतं.

तुलनेला एक न धावलेलं रक्त लागतं.
दरवर्षी ते माझंच असतं. फुकट, हाताशी.
यंदा आलं सहाशे दहा. नॉर्मलच्या तिप्पट.
डॉक्टर म्हणाले, चुकलंय, परत लाव.
परत लावलं. सहाशे चार.
शनिवारी लिफ्ट बंद होती
आणि मी आईला पाठुंगळी घेऊन पाच मजले चढले,
ते असेल.
किंवा तक्त्यातली ती नॉर्मलची रेघ
कोणाच्या अंगावरून ओढलीय, कोण जाणे.
आमच्या गल्लीत रक्त मागायला
कोणी आल्याचं मला आठवत नाही.
आकडा मी तसाच ठेवला.
रकाना : विश्रांती घेतलेली व्यक्ती.

पाचव्या दिवशी बाबांचा फोन.
मागे उसाच्या ट्रकांचे हॉर्न.
लघवी साफ आहे, म्हणाले, गवती चहासारखी.
आणि पाय?
चढताना काही नाही गं, उतरताना जीव जातो.
पण आमच्या फाटकाला जिनाच नाही,
म्हणून आलो कामावर.