दोर

दवाखान्याचा काटा दीडशेवर थांबायचा.
म्हणून ऑपरेशनच्या आधी माझं वजन झालं
लोकरीच्या गोदामात,
जिथं माझा भाऊ इव्हो गठ्ठे जोखतो.
त्यानं आकडा मोठ्यानं वाचला नाही.
चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी दुमडली,
आणि पुढचा गठ्ठा ओढायला घेतला.

शुद्धीवर आले तेव्हा दुखत होता खांदा.
पोट कापलंत आणि खांदा कसा, मी विचारलं.
मारिसेल नर्स म्हणाली, पोटात भरलेला वायू
वाट शोधत वर चढतो.
चाला, म्हणजे जाईल.
चालले.
एका हातात सलाइनचा खांब,
पायांत मांडीपर्यंत घट्ट पांढरे मोजे,
खिडकीपासून लिफ्टपर्यंत बेचाळीस पावलं,
परतताना का कोण जाणे पन्नास.

शेजारच्या खाटेवर पोर्वेनीरच्या दोन्या ओर्तेन्सिया.
पित्ताचे खडे डबीत घालून
येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या.
"तुझं काय काढलं? दाखव की!"
माझं काढलेलं
मलाच कुणी दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी.
औषधाच्या इवल्या पेल्यात तीस मिली,
पंधरा मिनिटं पुरवायचं.
पहिला घोट खाली उतरताना मला ऐकू आला.
एवढ्या आयुष्यात
पाण्याला मी कधी इतका वेळ दिला नव्हता.

घरी.
रात्री आठला पोटात सुई, रक्त गोठू नये म्हणून.
इव्हो टोचतो, तोंड फिरवून.
मेंढ्यांना लस टोचून बसलेला हात, दुखत नाही.
गोळ्या खलबत्त्यात कुटायच्या.
मटणाचं पाणी गाळायचं, पुन्हा गाळायचं,
शेवटी उरतं ते
मटणाबद्दल कुणीतरी सांगितल्यासारखं.

रविवारी परसात कोकरू भाजलं.
मी खिडक्या लावून घेतल्या, तरी वास आला.
भूक नव्हती आणि रडले.
हे कुठल्याच कागदावर छापलेलं नव्हतं:
भूक गेली की तिची आठवण येते,
भांडखोर शेजारीण वारल्यावर यावी तशी.

नेवेंका वहिनी केक घेऊन आली.
"सोपा रस्ता धरलास बाई," म्हणाली,
आणि सुरी शोधू लागली.
आजवर मी सगळ्यांचं सगळं पोटात घातलं.
हिच्याच लग्नाच्या फोटोत
मला खांबामागे उभं केलं, ते घातलं.
बसवाला म्हणाला दोन तिकिटं, तेही.
आता केळ्याएवढं पोट उरलंय,
तीन चमचे भोपळ्यात भरतं.
"जागा नाही, नेवेंका," मी म्हटलं.
तिला वाटलं, केकबद्दल बोलतेय.

डिसेंबरात केस गळू लागले.
न्हाणीच्या जाळीत रोज मूठभर.
बोटातली अंगठी कणकेत सापडली, इव्होच्या पावात.

आमच्या पुंता अरेनासमध्ये वाऱ्याच्या दिवसांत
चौकांच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात,
माणसं धरून धरून रस्ता ओलांडतात.
मी कधी धरला नाही.
शाळेची पोरं माझ्या आडोशानं पलीकडे जायची,
कोटाला लोंबकळत, ओरडत, तीन तीन.
लोक हसायचे.
मला ते आवडायचं, कबूल करते.
जगात एवढीच एक जागा होती
जिथं माझं असणं कुणाच्या कामी यायचं.

परवा बाजारातून येताना
वाऱ्यानं मला ढकललं.
आधी वाटलं, कुणी माणूस असेल. मागे वळून
रागावणारही होते.
मग एक पाऊल सरकले, न टाकलेलं.
मग आणखी एक.
डाव्या हातानं दोर गाठला.
गार, ओला, लोकांच्या तळव्यांनी गुळगुळीत.
पोरं पुढून गेली, आपापला दोर धरून.
एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

मागे खोळंबलेला म्हातारा ओरडला,
"नवीन आहात का गावात?"
सत्तेचाळीस वर्षं, मी म्हटलं,
वाऱ्यानं ते कुठे नेलं माहीत नाही.
"दोन्ही हातांनी!" तो ओरडला. "दोन्ही हातांनी धरा!"

मी पिशवी सोडली.
आठवडाभराचा भोपळा
उतारावरून गडगडत
सामुद्रधुनीकडे निघाला.