शेऱ्याचा रकाना

ग्दिनिया बंदराच्या मागच्या अंगाला
जहाजांच्या पोटाचा तांबडा रंग घोटतात,
घाण्याघाण्यानं,
एका टाकीत बाराशे लिटर.

तक्रार होती घाणा क्रमांक २२१७ ची.
कुठल्याशा मालवाहू बोटीवर
रंग खपलीसारखा सुटत होता.
म्हणून मला बोलावलं.
माझं काम उलटं चालतं: डब्यावरून टाकीकडे,
टाकीवरून पोत्याकडे,
पोत्यावरून ते फोडणाऱ्या हाताकडे.

सॉफ्टवेअरला सगळं ठाऊक असतं.
राळ कुठली, गिरणी किती वेगानं फिरली,
झाकण किती वाजता बसलं.
पडद्यावर रंगीत पट्ट्या,
एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडात.
मंगळवारच्या पट्टीत तेवढी एक फट.
पहाटे पाच एकोणपन्नास ते सहा.
कारण: कोड ९९, इतर.

अकरा मिनिटं इतर.

मग मी मागचे शेरे उघडले.
ऐंशी अक्षरांची मर्यादा, आणि वाचतंय कोण म्हणा.

रात्रपाळी, ब्रूनोन: गिरणी तीनच्या तळाशी खडे वाजतात. बघावे.
दिवसपाळी, दोब्रोस्वावा: बघितले. खडे नाहीत, एक नट. खिडकीत ठेवलाय.
ब्रूनोन: पाहिला. राहू दे तिथेच. बाहेर धुकं, क्रेन दिसत नाहीत.
दोब्रोस्वावा: धुकं हा शेरा नाही.
चार दिवसांनी तीच, न विचारता:
आज क्रेन दिसतात.

पुढे वर्षभर हेच.
चिकटपणा, तापमान, वजन, आणि मध्येच
बीटच्या सूपचा डबा, दुसरी फळी, झाकण नीट लाव.
आई वेइहेरोवोच्या दवाखान्यात आहे.
कशी आहे?
तशीच.
गिरणी तीन ठीक. आई?

तो सहाला मागच्या फाटकातून ट्रॉलीबस गाठायचा,
ती सहाला पुढच्या फाटकातून आत.
पूर्वी दोन पाळ्यांत दहा मिनिटं असायची,
हातात हात नाही तरी किल्ली द्यायला.
ती दहा मिनिटं सॉफ्टवेअरनं
वाया जातात म्हणून कापली होती.

फेब्रुवारीत नवी आवृत्ती आली
आणि शेऱ्याचा रकानाच गेला.
त्या जागी चौदा कारणांची यादी,
एकावर टिचकी मारायची, पुढे जायचं.

दुसऱ्याच रात्री ब्रूनोन: कोड ०४,
कच्च्या मालाची वाट पाहणे.
गोदाम तेव्हा छतापर्यंत भरलेलं, मी ताडून पाहिलं.
सकाळी तिचा ०७: सफाई पूर्ण.
त्याचा पुन्हा ०४.
तिचा ११: तापमान मर्यादेबाहेर.
मी एकटीच हसले,
शेजारच्या टेबलावरच्या पोरानं वर पाहिलं.

आणि तो मंगळवार.
पाच एकोणपन्नासला गिरणी बंद, हात ब्रूनोनचा.
बिघाड नाही, वीज आहे, माल आहे.
गिरणी बंद असताना रात्रपाळीनं जागा सोडायची नाही,
हा नियमही त्याच सॉफ्टवेअरचा.
पाच बावन्नला पुढच्या फाटकावर तिचं कार्ड,
आठ मिनिटं लवकर.
सहाला गिरणी सुरू. हात दोब्रोस्वावाचा.
हजारो घाण्यांत हा एकच,
ज्याच्या एका ओळीत दोघांची आद्याक्षरं आहेत.

अकरा मिनिटांत रंग तळाशी बसतो का?
थोडा बसतो. ढवळला की उठतो.
गोदीची वही मागवली. लावला त्या दिवशी पोलाद ओलं होतं.
मी तसं लिहिलं, आणि ते खरं होतं.
खरं नसतं तर काय लिहिलं असतं
हे मला माझ्याबद्दल अजून ठाऊक नाही.

निघताना गिरणी तीनपाशी गेले.
खिडकीत नट होता. तांबड्या शिंतोड्यांनी
त्याची चूड बुजली होती.

सुधारणा सुचवा, असा अहवालात रकाना असतो.
लिहिलं: दोन पाळ्यांमध्ये दहा मिनिटं ठेवावीत.
कार्यालयानं उलट टपाली विचारलं,
फायदा किती, लिटरमध्ये कळवा.

तीन आठवडे झाले.
मी अजून हिशेब करते आहे.