आठ बिट, अकरा रियाल

सोहारला मासळीबाजाराकडे वळताना
कुंजुमोनच्या दुकानात काचेखाली दोन डब्या.
एक अंगठ्याएवढी, काळी : अकरा रियाल.
दुसरी काडेपेटीएवढी, पत्र्याची : बेचाळीस.
कशालाच काटा नाही, बटण नाही, आवाजाची जाळी नाही.
"यात रेडिओ कुठाय?"
"रेडिओ लॅपटॉपात," तो म्हणाला, "हा नुसता कान."

कान कसा पारखायचा?
मी गेजवाला माणूस. स्मेल्टरमधले तीनशे काटे
माझ्या सहीवर खरं बोलतात.
म्हणून काउंटरवरच हिशोब मांडला.
आठ बिट म्हणजे दोनशे छप्पन्न पायऱ्या.
शेजारचं दांडगं स्टेशन जिनाभर पाय पसरून बसलं
की लांबून आलेल्या पाहुण्याने टेकायचं कुठे?
चौदा बिट म्हणजे सोळा हजारांवर पायऱ्या,
तिथे कुजबुजीलाही अंग चोरून बसता येतं.
फरक एकतीस रियालचा.
एकतीस रियाल म्हणजे सायलीच्या क्लासचा महिना,
वर तिच्या आईचा चष्मा.

उज्ज्वला फोनवर म्हणाली,
"जगातलं सगळं नेटवर ऐकू येतं म्हणता,
मग ही कसली लहर?"
लघुलहर, म्हणालो.
ती हसली नाही.

अकरावाली घेतली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत
दहा मीटर तांब्याची तार.
संध्याकाळपर्यंत तिच्यावर कुणाचे तरी
तीन बॉयलर सूट वाळत.

पडद्यावर निळा धबधबा उतरायला हवा होता.
उतरला पिवळा चिखल.
मोबाइलचा चार्जर उपटला, एक पट्टा गेला.
ट्यूब विझवली, निम्मी खरखर गेली.
लॅपटॉप बॅटरीवर घेतला.
उरला एसी.

ऑगस्ट. रात्री साडेनऊला बाहेर छत्तीस.
खोलीत आम्ही चौघं.
एसी बंद करा, ही काही
माणसाने माणसाला म्हणायची गोष्ट नाही.
तरी म्हटलं. दहाच मिनिटं.
बोनिफासियोने आपल्या भाषेत शिवी घातली
आणि स्वतःच उठून बटण दाबलं.

घरघर थांबली.
तेव्हा कळलं, दोन वर्षं आम्ही
एका आवाजाच्या पोटात राहत होतो.
चिखल खाली बसला, पाणी निवळलं.
बेचाळीसवालीला हे जमलं नसतं.

मग एकेक रेघ.
कुणी तरी चिनी, घाईत.
घड्याळाचे टोले, कुठल्या देशाचे कोण जाणे.
मी आपलं काही शोधत होतो, निदान हिंदी बातम्या,
पण मध्येच एक बाई लागली, गाणारी,
बुडायची, वर यायची, पुन्हा बुडायची,
जणू आभाळच तिला एका हाताने धरून होतं.

वरच्या खाटेवरून दादकरीम उतरला.
ग्वादरचा, क्रेन चालवतो,
दोन वर्षांत माझ्याशी मिठापुरतं बोललेला.
घामाने निथळत त्याने कान स्पीकरला लावला.
"बलुची," म्हणाला.
जरा वेळाने : "मेंदीच्या रात्रीचं आहे.
माझ्या बहिणीच्या वेळी मी इथे होतो."

दहाची पंचवीस मिनिटं झाली.
एसीचं नाव कुणी काढलं नाही.
बाई गेली. नुसता फेसाळ आवाज राहिला,
तरी तो वाकलेलाच,
जसं दार लागल्यावरही आपण
पायरीवर थोडं थांबतो.

"मनिला लागेल?" बोनिफासियोने काळोखात विचारलं.
उद्या बघू, म्हणालो. आठच बिट आहेत.

सकाळी गच्चीवर गेलो.
सूट कुणी तरी काढून टाकीवर पसरले होते.
तारेवर एक चिमटा राहिला होता, निळा.
त्याने रेंज कमी होत नाही.