कोल्डशट

राजाराम बंधाऱ्याचे बरगे काढले त्या दिवशी
मी वर उभी राहून खडे टाकत होते.
फुगवट्याच्या संथ पाण्यात प्रत्येक खडा
आपली बातमी चहूकडे पाठवायचा.
मग मोरीच्या तोंडाशी, जिथं पाणी पातळ होऊन पळू लागतं,
तिथून जरा खाली एक टाकला.
त्याचं वर्तुळ वर यायला धडपडलं,
जागच्या जागी थरथरलं
आणि ओढ त्याला घेऊन गेली.
फुगवट्याला काही कळलंच नाही.

एवढंच मांडायचं होतं मला
साडेतीन मीटरच्या काचेच्या पन्हाळीत.
द्रवरूप हीलियम नाही,
निरपेक्ष शून्याच्या काठावर गोठवलेले अणू नाहीत,
विभागाकडं आहे टाकीवरची मोटर
आणि मार्चअखेर संपवायचे चौऱ्याऐंशी हजार.
पाणी आपल्याच लाटेहून वेगानं पळेल
असा एक उंचवटा हवा.
कृष्णविवराचं कुंपण म्हणजे तेवढंच, बस्स.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारनं
चित्र उभं धरलं, आडवं धरलं.
"ह्यो कशाचा पार्ट?"
"कशाचाच नाही. ह्याच्यापल्याड गेलेलं परत येत नाही."
"मंजी आमची उधारी," तो म्हणाला
आणि पॅटर्नला लाकूड शोधायला वळला.

आठवड्यानं ॲल्युमिनियमचा उंचवटा आला,
गोणपाटात गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा.
पाठीवर केसाएवढी रेघ.
"कोल्डशट हाय, मॅडम. रस दोन्हीकडनं आला,
मधी गाठ पडंस्तवर गार झालता.
भेटला, पर मिळाला न्हाई.
परत ओतून देतो, पैसं नगंत."

मी नखानं रेघ चाचपली.
दरवर्षी शिकवते मी:
विश्व घाईनं निवलं असेल
तर अशाच रेघा राहिल्या असतील कुठंतरी,
अजून कुणालाच न दिसलेल्या,
दोन्हीकडनं आलेली पोकळी नीट न जुळल्याच्या.
फळ्यावर ते कधी बोटाला लागलं नव्हतं.

"राहू दे हाच," म्हटलं.

आता रात्री मोटर चालू असते.
खालून सोडलेल्या लाटा प्रवाहावर चढतात,
उंचवट्याच्या उताराशी थबकतात,
अंगभर बारीक सुरकुत्या पडतात त्यांच्या,
आणि मागं वळतात.
कॅमेरा मोजत राहतो.
रेघेपाशी एक जास्तीची थरथर येते,
दर वेळी वजा करावी लागते.
आज नाही केली.
वहीत तिच्यापुढं नाव लिहून ठेवलंय:
दस्तगीर.