अठ्ठेचाळीस हजार

दिवसभर मी गोवंडीच्या दवाखान्यात
लोकांच्या कानांत बारीक शिट्ट्या सोडते.
ऐकू आलं की बोट वर करा, म्हणते.
काही म्हातारे न वाजलेल्या शिट्टीलाही बोट वर करतात,
मला वाईट वाटू नये म्हणून.

रात्री ट्रॉम्ब्याला, माळ्यावर,
गादी कपाटाला टेकवून उभी करते
आणि हळदीची गाणी बनवते.

एका प्रोग्राममध्ये सगळं होत नाही, विचारूच नका.
ढोलकी ज्यात छान वाजते त्यात आवाज भरता येत नाही,
ज्यात आवाज भरते
तो ढोलकीचा पत्र्याचा डबा करतो.
तिसरा बेसुऱ्याला कान धरून सुरात बसवतो,
पण त्याची फुकटची मुदत तीनदा संपली
आणि तीनदा मी नवं नाव घेतलं.
सध्या त्याच्यासाठी मी मिसेस डिमेलो आहे.
उरणचा कल्पेश तांडेल ठेके पाठवतो,
चिंबईचा मेल्विन कीबोर्ड, रविवारच्या मिस्सानंतर.
शेवटचा हात चीता कॅम्पच्या इम्तियाजचा:
त्याच्या घरात मोठे स्पीकर आहेत आणि तान्हं मूल,
त्यामुळे तो सगळं अगदी हळू ऐकतो
आणि चुकत नाही.

सगळ्यांनी एकाच क्षणी निघायचं, एवढीच अट.
म्हणून प्रत्येक फाईलच्या तोंडाशी एक टाळी.
टाळीला टाळी लागली की बाकीचं लागतं,
असं मी समजत होते.

चांगुणा वैतीने भाचीच्या हळदीचं गाणं
धक्क्यावरूनच मोबाईलवर गाऊन पाठवलं.
"मना येल नाय गो, सकाली बाजार हाय."
मागे बर्फ फोडायचं मशीन.
गोंगाट पुसणारा चौथा प्रोग्राम म्हणाला,
आधी दोन सेकंद नुसती शांतता दाखवा,
तुमच्याकडे ती कशी असते ते शिकू दे.
अख्खी फाईल धुंडाळली.
तिच्या एका श्वासाआधी अर्धा सेकंद सापडला.
अर्ध्यावर भागवलं.

मग तिला ठेक्यावर ठेवलं.
टाळीला टाळी लागली, आणि पुढे
मावशी मागे मागे पडत गेली,
ठेका मांडवात पोचला तरी ती अजून गल्लीत.
आवाजही खाली उतरलेला, जाड, दमलेला.
मोबाईलने सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे केले होते,
माझा प्रोग्राम चव्वेचाळीस हजार शंभरच्या हिशेबाने वाढत होता.
एकही तुकडा सांडला नव्हता त्याने.
नुसता सावकाश वाढत होता.

दुरुस्ती एका टिचकीची.
तेवढ्यात मावशी जिना चढून आली,
पिशवीत सुका जवळा, माझ्या मेहनतीचा.
हेडफोन तिच्या अंबाड्यावर बसेना, हाताने धरून ऐकलं.
आणि तिने बोट वर केलं.

"ह्यो माझा गला नाय.
माझे आयसचा हाय."

आईला जाऊन एकोणीस वर्षं.
तिचं गाणं कोणी कशात भरून ठेवलेलं नाही.
मी आकडे समजावले, सगळे.
"असंल," म्हणाली. "परत लाव."

त्या रात्री मी दोन्ही आवाज ठेवले.
मावशी पुढे. दमलेल्या आवाजाची ओळ न् ओळ कापून
तिच्यामागे आणून बसवली.
मिसेस डिमेलोने सूर दीड पट्टी वर घेतला,
जाडी तशीच राहू दिली,
कान धरला नाही या वेळी, हात धरला.

दोन वाजता इम्तियाजचा फोन, कुजबुजत:
"पीछे दूसरी कौन गा रही है?
उसका नाम नहीं लिखा तूने."

सकाळी बाजाराच्या वेळेला मावशीला फोन लावला.
सुरे, पाणी, भांडण, कावळे.
विचारलं.
अर्धा सेकंद काही नाही.
मग एक नाव,
आणि त्याच श्वासात, माझ्याशी नव्हे,
"पापलेट बाराशेच. घ्यायचा तं घे."